आवळ भावा, आवळ! (झोप, व्यायाम आणि पंजाची ताकद : आमच्या प्रोजेक्टच्या नोंदी)

२ डिसेंबर २०२४, सोमवार

विषय एकदाचा मंजूर झाला. फिजिओच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट करायचाच असतो आणि आमचे आधीचे दोन विषय मॅडमनी "हे मागच्या बॅचनं केलंय" म्हणून परत पाठवले होते. आता ठरलंय ते असं, कॉलेजातली १८ ते २५ वयाची ६० पोरं-पोरी घ्यायची, त्यांचा व्यायाम किती, झोप कशी ते विचारायचं आणि हाताची पकड मोजायची, की या तिघांचं एकमेकांशी काय नातं लागतंय ते बघायचं. पकडच का, तर ती मोजायला दोन मिनिटं लागतात, घाम येत नाही, कपडे बदलावे लागत नाहीत, आणि पकडीवरनं पूर्ण अंगाच्या ताकदीचा बऱ्यापैकी अंदाज येतो. मॅडमनी २०१५ चा प्युअर स्टडी पण दाखवला, लॅन्सेट या मेडिकल जर्नलमधला, १७ देश, जवळपास १ लाख ४० हजार माणसं आणि त्यात भारत पण होता. पकड ५ किलोनं कमी असली की त्या काही वर्षांत मृत्यूचा धोका १६ टक्के जास्त दिसला म्हणे. आम्ही दोघांनी आपापला पंजा बघितला गपचूप.

माझं म्हणणं, झोप कमी तर ताकद कमी, सरळ आहे. पार्टनर म्हणतो झोपेचं काही नाही गं, व्यायामच सगळं. मिसळीची पैज लागलीय. तर्रीसकट.

५ डिसेंबर

डायनामोमीटर, म्हणजे पकड मोजायचं मशीन, ताब्यात आला. हायड्रॉलिकवाला आहे, हँडलला पाच खाचा, त्यातली दुसरी वापरायची असा सगळीकडं रिवाज आहे. आत एक काटा जोराबरोबर पळतो आणि दुसरा जिथं सगळ्यात जास्त गेला तिथंच थांबून राहतो, तो प्रत्येकवेळी हातानं शून्यावर आणायचा.

आता हे मशीन खरं बोलतंय का ते बघायचं होतं. लॅबच्या रजिस्टरमधे शेवटची तपासणी कधी झाली ते कुणीतरी शाईनं लिहून वर चहा सांडलाय. म्हणून मग आम्ही जिममधल्या दोन १० किलोच्या प्लेटा आणून पट्ट्यानं हँडलला लटकवल्या. काटा २० च्या जरा अलीकडंच. पार्टनर लगेच "मशीन बाद" म्हणून मोकळा. मग मलाच सुचलं की प्लेट खरंच १० ची आहे कशावरनं, तर त्या दोन्ही पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडं गेलो, त्यानं गूळ बाजूला सारून इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवल्या, एक ९.८ आणि दुसरी ९.७. म्हणजे मशीन शहाणं आणि प्लेटा खोट्या. जिममधल्या समस्त भावांनो, तुम्ही जे स्टेटसला टाकताय त्यातले थोडे कमी करा.

११ डिसेंबर

आज पूर्ण दिवस फॉर्मांत. झोपेसाठी पीएसक्यूआय, म्हणजे पिट्सबर्गवाली प्रश्नावली, १९८९ पासून चालत आलेली. १९ प्रश्न, त्यांचे सात भाग पाडायचे, प्रत्येक भागाला ० ते ३ मार्क, एकूण २१ पैकी. इथं मार्क जास्त म्हणजे झोप वाईट, ५ च्या वर गेला की "पुअर स्लीपर". मी स्वतः भरून बघितला तर ९ आले. पार्टनरला ४, त्याला झोपेचं काय पडलंय, तो लेक्चरला पण झोपतो.

व्यायामासाठी आयपॅकचा छोटा फॉर्म. सात प्रश्न, मागच्या सात दिवसांत जोरदार, मध्यम आणि चालणं किती, त्याला ८, ४ आणि ३.३ नं गुणायचं, मिनिटं आणि दिवसांनी गुणायचं की आठवड्याचा आकडा तयार.

मॅडमनी बघितलं आणि एकच प्रश्न टाकला, झोपेचा फॉर्म विचारतो मागच्या महिन्याचं, व्यायामाचा विचारतो मागच्या सात दिवसांचं आणि मशीन सांगतं आत्ताचं, तर मग तुम्ही नक्की कशाला कशाशी जोडणार? आम्ही हो हो म्हणून बाहेर आलो, आणि जिन्यात आल्यावर डोक्यात शिरलं की ही साधी गोष्ट नाही. एखादा महिनाभर नीट झोपलाय आणि कालच जागलाय, त्याला फॉर्म चांगला झोपणारा म्हणणार आणि हात कालच्या रात्रीचा येणार. म्हणून फॉर्मच्या तळाला पेनानं एक ओळ वाढवली, "काल रात्री किती तास झोपलात?" ही ओळ अधिकृत नाही, तिचे मार्क कुठंच धरणार नाही, फक्त आमच्यासाठी.

१८ डिसेंबर

पायलट, म्हणजे खऱ्या मोजणीआधीची रंगीत तालीम, आमच्याच बॅचचे पाच जण. फजिती लिहून ठेवते.

एक, पार्टनरनं पहिल्या तिघांचं रीडिंग पाउंडात घेतलं. डायलवर किलो आणि पाउंड दोन्ही आकडे आहेत आणि भाऊ आतल्या गोलातले वाचत बसलेला. कळलं कसं, तर आमच्यातली सगळ्यात बारीक पोरगी, जिला पाण्याच्या बाटलीचं झाकण दुसऱ्याकडनं उघडून घ्यावं लागतं, तिला ६२! २.२ नं भागलं तर २८, हां मग बरोबर.

दोन, ओरडणं. खुर्चीत ताठ बसायचं, दंड अंगाला लागून, कोपर काटकोनात, हात कशाला टेकवायचा नाही, तीन सेकंद पूर्ण जोर, मधे मिनिटभर विश्रांती, असं तीनदा करून सरासरी. हे सगळं व्यवस्थित चाललंय आणि मागनं चार जण "आवळ भावा, आवळ! सोडू नको!" करून वर्ग डोक्यावर घेतायत. ज्याच्यामागं ओरडले त्याचा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा ४ किलोनं जास्त आला, आणि जी शांतपणे बसली होती तिचा दुसरा पहिल्यापेक्षा कमी. म्हणजे आम्ही ताकद मोजतोय का मित्र किती आहेत ते मोजतोय. ठरलं, खोलीत एका वेळी एकच जण, आणि मी सगळ्यांना एकाच आवाजात एकच वाक्य म्हणणार, "पूर्ण जोर लावा, लावा, लावा, सोडा." पाठ झालंय, काल झोपेत म्हणाले असं रूममेट सांगते.

२७ डिसेंबर

वेळेचा घोळ. सकाळी सातला माझी पकड ३१, संध्याकाळी सहाला ३४, दुसऱ्या दिवशी परत बघितलं तर ३१ आणि ३३. हे पुस्तकात होतंच, अंगाचं तापमान दुपारनंतर चढतं, जोर पण संध्याकाळकडं जास्त लागतो. पण पुस्तकात वाचणं वेगळं आणि स्वतःच्या हातात दिसणं वेगळं. एकाला सकाळी मोजलं आणि दुसऱ्याला संध्याकाळी तर तो फरकच झोपेच्या नावावर खपून जायचा. वेळ फिक्स, दुपारी ४ ते ६. कॅन्टीनवाल्यांचा धंदा बसणार आहे थोडा.

३ जानेवारी २०२५

खरी मोजणी चालू. मुलींच्या हॉस्टेलपासनं सुरुवात.

पीएसक्यूआय मधे एक हिशोब आहे, अंथरुणात किती तास होतात आणि त्यातले खरे किती झोपलात, त्याची टक्केवारी. ८५ च्या वर असेल तर छान. आता हॉस्टेलवरची कॉट ही झोपायची जागा आहे का? तिथंच अभ्यास, तिथंच मॅगी, तिथंच घरी व्हिडिओ कॉल, तिथंच मैत्रिणीचं रडं ऐकणं. "झोपायला किती वाजता जाता" विचारलं की पोरगी म्हणते दहा, कारण दहाला ती कॉटवर चढते, मग रील, मग एक वाजता डोळा लागतो, आणि साडेपाचला उठायचं कारण गरम पाणी साडेसहापर्यंतच आणि बादल्यांची लाइन. फॉर्मच्या हिशोबानं तिला निद्रेचा मोठा प्रॉब्लेम. तिला विचारलं झोप येत नाही का, तर म्हणते "येते ना ताई, मीच येऊ देत नाही." हे वाक्य कुठल्या कॉलममधे भरू?

कमी झोपणाऱ्या ढीगभर आहेत. १८ ते २५ ला ७ ते ९ तास झोप सांगितलेली आहे, आणि आज मोजलेल्या अकरा जणींत सातच्या वर जाणाऱ्या दोन. गंमत म्हणजे त्या दोघींची पकड बाकीच्यांपेक्षा काही भारी नाही. माझी मिसळ धोक्यात आहे.

९ जानेवारी

आजची नोंद सगळ्यात महत्त्वाची, चूक आमची आहे म्हणून नीट लिहिते.

बी.एस्सी.चा एक पोरगा आला, उंची बेताची, अंगानं काटक, शर्ट ढगळा. फॉर्मवर जोरदार शून्य, मध्यम शून्य, चालणं रोज वीस मिनिटं. म्हणजे तळातला गट. बसला, आवळलं, काटा ५४ वर! मी काटा शून्यावर आणून परत घेतलं, ५३, मग परत ५४. पार्टनर रोज जिमला जातो आणि त्याचा ४६ च्या पुढं कधी गेला नाही, त्याचं तोंड बघण्यासारखं झालेलं.

विचारलं भावा तू करतोस काय, तर म्हणाला "काय नाही, व्यायाम कधी केलाच नाही." मग सकाळी उठून काय करतोस? "धारा काढतो की. पाच म्हशी हायत. सकाळी आणि सांजच्याला. मग वैरण कापायची, कुट्टी, शेण भरायचं, डेअरीला दूध घालायचं आणि मग एसटी."

डोक्यावर हात मारून घेतला. इंग्रजी फॉर्म नीटच विचारतो, कामावरचं, घरातलं, शेता-अंगणातलं, येण्याजाण्याचं, खेळाचं, सगळं धरा म्हणून. पण आम्ही तोंडी मराठीत विचारताना सोपं करायला म्हणून "व्यायाम किती करता" असंच म्हणत होतो, आणि आपल्याकडं व्यायाम म्हणजे ठरवून केलेला, टी-शर्ट घालून केलेला. म्हशीची धार हा कुणाच्या डोक्यात व्यायाम नसतो. तो पोरगा वर्षानुवर्षं दिवसातनं दोनदा नेमकं तेच करतोय जे आम्ही त्याला खुर्चीत बसवून करायला लावलं, मूठ आवळणं, आणि आमच्या कागदावर तो आळशी.

तोपर्यंतचे २३ फॉर्म परत. सगळ्यांना फोन करून नव्यानं विचारतोय, "दिवसभरात अंगमेहनतीचं काय काय करता, कामाचं पण सांगा." एका पोरीनं सांगितलं दोन मजले पाणी भरते. एकजण सुट्टीत बापाबरोबर ऊसतोडीला जातो, पण ते मागच्या सात दिवसांत बसत नाही, म्हणून सोडावं लागलं. जीवावर आलं सोडताना.

१८ जानेवारी

गॅदरिंग. मोजणी बंद. सगळे पहाटे चार-चारपर्यंत नाचाच्या प्रॅक्टिसला, या आठवड्यात कुणाची झोप आणि कुणाची हालचाल मोजणार. आयपॅक प्रमाणे आपलं कॉलेज ऑलिम्पिकला जाईल.

१ तारखेला जिम लावलेले पण बरेच येऊन गेले, दोन आठवड्यांत दंड दाखवत. पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती बरीचशी मेंदू आणि नसा स्नायूंना जास्त चांगलं कामाला लावतात म्हणून वाढते, स्नायू जाड व्हायला वेळ लागतो. हे त्यांना सांगितलं नाही. उत्साह आहे, राहू दे.

२२ जानेवारी

तालमीत गेलो होतो. आमच्या यादीत दोघे असे आहेत की कॉलेज बी.ए. आणि मुक्काम तालमीत, आणि ४ ते ६ ला त्यांची संध्याकाळची मेहनत असते त्यामुळं ते कॉलेजवर येऊ शकत नाहीत. वस्तादांना फोन केला, म्हणाले "ये पोरी, पण चारच्या आत ये."

चपला बाहेर. लाल मातीचा वास, तेल, भिंतीवर हनुमान आणि शाहू महाराजांचा फोटो. कोल्हापुरात वाढले, खासबागेत भावाबरोबर कुस्त्या बघितल्यात, पण तालमीत आत पहिल्यांदाच. वस्तादांनी डायनामोमीटर हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले "एवढ्याशानं काय कळतंय?" प्रश्न रास्त आहे.

पैलवान पहाटे चारला उठतात, जोर-बैठका, मग मातीत लढती, मग अंघोळ, थंडाई, खुराक, आमच्या यादीतल्या दोघांतला एक मधे कॉलेजला जाऊन येतो, जेवण, आणि दुपारी चांगली दोन तास झोप. रात्री साडेनऊला दिवे बंद, मोबाईल वस्तादांकडं जमा. आता पीएसक्यूआय विचारतो रात्रीची झोप. त्याची रात्र साडेसहा तासांची, म्हणजे तिथं वाईट झोपेचा एक मार्क चढला. दुपारचे दोन तास कुठंच नाहीत. जो माणूस दिवसाला साडेआठ तास झोपतो, रोज त्याच वेळेला झोपतो, पडल्या पडल्या झोपतो, तो या कागदावर रात्री सात तासांच्या वर झोपणाऱ्या एखाद्याच्या मागं. वस्तादांना हे समजावलं तर हसले. "दुपारची झोप हा खुराकच आहे, बदाम एक वेळ कमी पडले तर चालतील." त्याला शास्त्राचा आधार पण आहे, गाढ झोपेत वाढीचं हार्मोन सुटतं. आणि २०२१ चा एक प्रयोग वाचलाय, १३ तरुणांना एक रात्र पूर्ण जागवलं तर स्नायूंत नवीन प्रोटीन बनण्याचा वेग १८ टक्क्यांनी घसरला. एका रात्रीत!

त्या पैलवानाचं रीडिंग ५८. त्याच्या हातात मशीन खेळण्यासारखं दिसत होतं. कान मोडलेला, बोलणं एकदम हळू. जाताना म्हणाला, "ताई, ह्यापेक्षा जास्त कुणाचं आलं तर सांगा."

३० जानेवारी

रात्री लायब्ररीतनं एक जुना पेपर मिळाला, १९९४ चा, रायली आणि पिअर्सी यांचा. आठ तरुण, तीन रात्री रोज फक्त तीन तास झोप आणि रोज वजनं उचलायची. दंडाच्या बायसेप कर्लला एकदाच जास्तीत जास्त किती, याच्यावर झोपेचा खास फरक दिसला नाही. बेंच प्रेस, लेग प्रेस, डेडलिफ्ट अशा मोठ्या उचलींवर दिसला. आणि पूर्ण जोराच्या खालची वजनं उचलत राहणं मात्र सगळ्याच प्रकारांत घसरलं, दुसऱ्या रात्रीनंतर स्पष्ट.

हे वाचून मी खुर्चीत मागं टेकले. आम्ही काय मोजतोय? छोटा स्नायूंचा गट, तीन सेकंद, एकदाच जोर. नेमकी ती गोष्ट जी झोपमोड झालेला माणूस पण एकदा दात-ओठ खाऊन करून दाखवतो. रात्रभर जागलेली आई पण सकाळी हंडा उचलतेच की. झोप जिथं चावते ते दहाव्या उचलीला, आणि आमच्याकडं दहावी उचल नाहीच.

मॅडमना म्हटलं टेस्ट वाढवू या. मॅडम म्हणाल्या एथिक्स कमिटीला जे लिहून दिलंय तेच करायचं, मधेच डाव बदलायचा नाही. म्हणून फक्त आम्ही दोघांनी एकमेकांवर करून बघितलं, असाइनमेंटसाठी जागलेल्या रात्रीनंतर, पाच-पाच सेकंदांच्या अंतरानं दहा वेळा. पहिलं आवळणं माझं नेहमीसारखंच ३३. दहावं २४. दोन दिवसांनी नीट झोपून तेच केलं तर पहिलं ३३ आणि दहावं २७. दोन माणसं, दोन दिवस, वर मलाच झोप जिंकायला हवीय, त्यामुळं याला काडीची किंमत नाही, पण वहीत लिहून ठेवते.

८ फेब्रुवारी

६० पूर्ण. एक्सेल.

सगळे ठिपके एकत्र टाकले तर व्यायाम आणि पकड यांची झकास चढती रेष आली, पार्टनरनं लगेच मिसळ कुठली ते ठरवायला घेतलं. स्टॅटच्या सरांनी मागनं बघितलं आणि नुसतं म्हणाले, "पोरं-पोरी वेगळ्या रंगात दाखवा." दाखवल्या. दोन ढग झाले, पोरांचा वर उजवीकडं आणि पोरींचा खाली डावीकडं. पोरांनी हालचाल जास्त लिहिलीय आणि पोरांची पकड तशीही जास्त असते, म्हणून लांबनं रेष दिसत होती. प्रत्येक ढग वेगळा बघितला तर रेष जवळजवळ आडवी व्हायला लागली, थोडा चढ आहे, पण मिसळीपुरता नाही. वजन आणि उंची धरली की तो पण पातळ होतो. झोपेच्या मार्कांचं तर विचारूच नका, ठिपके असे पसरलेत जसे अंगणात तांदूळ सांडलेत.

आणि पेनानं वाढवलेली ती ओळ, काल किती झोपलात, तिच्यात पण काही नाही.

माझं तोंड पडलेलं बघून सर म्हणाले की नातं दिसलं नाही हे पण लिहायचं असतं, फक्त "झोपेचा ताकदीशी संबंध नाही" असं लिहू नका, "आम्ही असं मोजलं, तेव्हा दिसला नाही" असं लिहा. आणि दिसला असता तरी एका दिवशी एकदाच मोजलेल्यावरनं कशामुळं काय झालं ते सांगता आलंच नसतं, चांगला झोपतो म्हणून ताकद आहे का दिवसभर राबतो म्हणून चांगला झोपतो. म्हशीवाल्या पोराला झोपेचा मार्क २ आहे, पूर्ण ६० जणांत सगळ्यात कमी, म्हणजे झोप सगळ्यात चांगली.

२० फेब्रुवारी

काल शिवजयंतीची सुट्टी, डॉल्बीच्या आवाजात बाइंडिंगची शेवटची पानं टाईप केली, आज जमा. मर्यादांचं प्रकरण चार पानी झालंय, निष्कर्षापेक्षा मोठं, मॅडमना तेच आवडलं. मिसळीचे पैसे अर्धे-अर्धे. मशीन लॅबला परत, रजिस्टरमधे तपासणीची तारीख घातली, चहापासनं लांब.

संध्याकाळी तालमीतनं फोन, पैलवान. "ताई, माझ्यापेक्षा जास्त कुणाचं आलं काय?"

म्हटलं नाही, तूच वर आहेस. पण एकजण चारच किलोनं मागं आहे आणि त्यानं आयुष्यात तालीम बघितली नाही.

पलीकडं थोडा वेळ शांत. मग "कुठल्या गावचा?"

म्हटलं ते सांगता येत नाही, गुप्ततेच्या कागदावर माझी सही आहे. तर फोन वस्तादांच्या हातात गेला.

"सही ऱ्हाऊ दे पोरी," ते म्हणाले, "नुसतं वय सांग."